हिरव्या दिव्यांचा वर्ग

चित्रकलेच्या तासाला सातवीच्या वर्गातल्या सगळ्या पेनांचे दिवे हिरवे होते. रेघेचा दाब आणि हाताची थरथर यांवरून ही पेनं मुलांचं मन ओळखत. मन बिघडलेलं दिसलं की दिवा लाल व्हायचा आणि पालकांच्या फोनवर लगेच निरोप जायचा. मुख्याध्यापिका या वर्गावर खूश होत्या.

चित्रकलेचे गावस सर मात्र ओजस्वीच्या बाकापाशी थांबले. तिचे वडील गेल्याच महिन्यात वारले होते आणि ती फुलपाखरं रंगवत होती.

“तुझा दिवा हिरवा कसा गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“हात सैल सोडायचा, सर. सगळ्यांनाच येतं ते,” ती म्हणाली. “लाल झाला की आई कामावरून धावत येते. मग मलाच तिची समजूत काढावी लागते.”

पुढच्या तासाला सरांनी पेनं कपाटात ठेवली आणि कुंभाराकडून आणलेल्या मातीचा एकेक गोळा प्रत्येकापुढे ठेवला.

“काय करायचं, सर?” ओजस्वीने विचारलं.

“वाटेल ते. ही माती कुणाला काही कळवत नाही.”

ओजस्वीने गोळ्यावर एक बुक्की मारली. मग ती दोन्ही हातांनी मारतच सुटली आणि बाबांना हाका मारत रडू लागली. आवाज ऐकून मुख्याध्यापिका दारात आल्या, तेव्हा सरांनी त्यांना हातानेच थांबवलं.

ओजस्वीची माती चपटी होऊन बाकाला चिकटली होती. शेजारच्या इराने आपला गोळा तिच्यापुढे सरकवला.

“हाही घे,” ती म्हणाली.