कडक भाकरी आणि फिनेल

"घे, लख्ख केली तुझी खोली," फिनेलची बाटली खाली ठेवत आई म्हणाली. हॉस्टेलच्या खिडकीतल्या बारा काचेच्या बशा घासूनपुसून चकाकत होत्या.

शिवलीलाला रडूही फुटेना. त्या बशांमध्ये तिनं दोन महिने बुरशी वाढवली होती आणि उद्या सर ती तपासणार होते. सोलापूरच्या तिच्या अख्ख्या वर्गानं इंजिनिअरिंग गाठलं, तेव्हा ही शहाणी बुरशी शिकायला रत्नागिरीत आली होती. इथल्या पावसात चपलेवरसुद्धा अभ्यासक्रम उगवत होता, आणि आईनं एका सकाळीत तिची पदवी मोरीत ओतली होती.

"लोक विचारतात, पोरगी काय शिकते? बुरशी म्हणून सांगू?" आईचं चालूच होतं.

तेवढ्यात शिवलीलाला खाटेखालचा डबा आठवला. तिनं झाकण उघडलं. आत हिरवी, काळी, केशरी बुरशी नुसती माजली होती. "वाचले!" ती ओरडली.

आईनं डब्यात वाकून पाहिलं. सोलापुरात सहा-सहा महिने टिकणाऱ्या, तिच्या हातच्या कडक भाकऱ्या होत्या त्या.

"फोनवर तर म्हणत होतीस, आई, भाकऱ्या मैत्रिणींनी दोन दिवसांत फस्त केल्या."

शिवलीलानं डबा छातीशी घट्ट धरला. आईनं पुन्हा फिनेलची बाटली उचलली.