डोळे मिटले की

"झोपले की हे बंद पडतं," यंत्राच्या सपाट आवाजात आई म्हणाली. "म्हणून झोपत नाही."

थोरल्या मुलाने मान वर केली. आईचे डोळे लालबुंद झाले होते. आजाराने तिच्या अंगात हलण्यासारखं तेवढंच शिल्लक ठेवलं होतं. समोरच्या पडद्यावर अक्षरं असत. ती ज्याकडे बघेल ते अक्षर कॅमेरा टिपायचा आणि यंत्र बोलायचं. गेल्या आठवड्यापासून ते मधेच कोसळत होतं. ते कोसळलं की आई मुकी.

"यंत्राला काय कळतंय तू झोपलीस ते?" तो म्हणाला. खरं तर तोच चाचपडत होता. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की नव्या संगणकावर ते चालेचना. म्हणून त्याने संगणकाच्या पोटातच दुसरा, जुन्या वळणाचा संगणक उभा केला होता. व्हर्च्युअल मशीन. आणि कॅमेरा ज्यातून संगणकाला जोडला होता ते कार्ड थेट त्या आतल्याच्या ताब्यात दिलं होतं. आता मेमरी बदलून झाली होती, केबल बदलून झाली होती. फरक शून्य.

"दादा, ती सांगतेय तर बघ ना एकदा," पलंगाशी बसलेली धाकटी बहीण म्हणाली.

बघायचं म्हणजे ते मुद्दाम पाडायचं.

"आई, डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडू नकोस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पापण्या मिटल्या.

कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं. संगणकात काय चाललंय ते बघायला थोरल्याने आपला लॅपटॉप त्याला जोडला होता. त्याने खुर्ची लॅपटॉपपाशी सरकवली आणि पडद्यात डोकं घातलं. कॅमेऱ्याला डोळे दिसेनासे झाले. कार्डाला काम उरलं नाही. आणि वीज वाचवायची म्हणून बाहेरच्या संगणकाने त्याला चक्क निजवून टाकलं.

"उघड, आई!"

तिने डोळे उघडले. आतल्या संगणकाने कार्डाला हाक मारली. कार्ड उठलंच नाही. अक्षरं गेली, पडदा काळा झाला.

"सापडलं!" तो जवळजवळ ओरडलाच. "बरोबर होतं गं तुझं! एक सेटिंग बदललं की झालं." पण कार्ड जागं करायचं तर सगळा संगणकच बंद करून पुन्हा चालू करावा लागणार होता. त्याने बटण दाबलं.

"दादा, आईकडे बघ."

आईचे डोळे विस्फारले होते. कपाळावर घाम फुटला होता. यंत्र नसलं की त्या तिघांची एकच भाषा होती. वर बघितलं तर हो, खाली बघितलं तर नाही.

"दुखतंय का कुठे?" धाकटीने विचारलं.

आईने खाली बघितलं.

"श्वास घ्यायला त्रास होतोय?"

खाली.

"नाही म्हणतेय ना," थोरला लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला. "होतंय, आत्ता चालू होतंय."

"मग ओठ का असे दिसतायत? आई, घाबरलीस का?"

पुन्हा खाली. पुन्हा. पुन्हा. विचारलेलं नसतानाही खाली.

धाकटीने एकदम वाकून आईच्या गालाला गाल लावला आणि ती बघत होती तिकडे बघितलं.

"ती नाही म्हणत नाहीये रे! खाली बघ! तुझ्या खुर्चीखाली!"

खुर्चीचं चाक ऑक्सिजनच्या नळीवर उभं होतं. नळी चपटी झाली होती.

तो असा उठला की खुर्ची जाऊन भिंतीवर आदळली. त्याने जमिनीवर बसून नळी दोन्ही हातांनी चोळली, सरळ केली. आईची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. ओठांवर रंग परतायला बराच वेळ लागला.

बाहेरचा संगणक एव्हाना उठला होता. कार्डाला निजू न देण्याचं सेटिंग त्याने लावायला घेतलं. पासवर्ड दोनदा चुकला. मग आतला संगणक उठला. अक्षरं आली. आता खरं खोटं करायचं, तर तिला पुन्हा डोळे मिटायला सांगायला हवं होतं. ते त्याच्या तोंडून निघेना.

आईने आपणच डोळे मिटले. कार्ड जागंच राहिलं. बऱ्याच वेळाने तिने पापण्या उघडल्या, तर अक्षरं जागच्या जागी होती.

"झालं!" धाकटी हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "आता खुशाल झोप, आई."

आईची नजर सावकाश अक्षरांवरून फिरू लागली. दोघं पडद्याकडे बघत थांबली. यंत्र बोललं, त्याच सपाट आवाजात:

"उठले नाही, तर यंत्र खोलून बसू नकोस."

आणि तिने डोळे मिटून घेतले.

पडद्यावर ते वाक्य तसंच उजळत राहिलं. ते पुसायला दोघांपैकी कुणीच हात पुढे केला नाही.