नळी कुणाच्या हातात

हृदयात घालायच्या नळीच्या, म्हणजे कॅथेटरच्या, टोकाचा सेन्सर मधूनच रक्तदाबाचे भलतेच आकडे दाखवायचा, आणि दर वेळी विभागप्रमुख डॉक्टर पेशंटच्या देखत सिस्टरवर खेकसायचे, "साधा सेन्सर धड लावता येत नाही! उद्या कुणी दगावलं, तर त्याच्या घरच्यांना तोंड तुम्ही दाखवणार का?" सिस्टर सेन्सर पुन्हा शून्यावर आणायची.

शेवटी तिची चूक पुराव्यानिशी पकडायची म्हणून डॉक्टरांनीच एक इंजिनिअर बाई बोलावल्या. त्यांनी विभागातल्या एकूण एक केसचे आकडे आपल्या एआय मशीनला शिकवले, म्हणजे खरा दाब कोणता, खोटा कोणता, आणि खोटा नेमका कधी येतो.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी सगळा स्टाफ मुद्दाम गोळा केला. "सांगा, चूक कुणाची ते सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

इंजिनिअर बाईंनी स्क्रीन डॉक्टरांकडे वळवली. "सर, सेन्सर कुणीही लावला तरी फरक पडत नाही. नळी आत सरकवताना तिला हिसका बसला की आकडा उसळतो. बाकीच्या तिघा डॉक्टरांच्या हातात तसं होत नाही. फक्त तुमच्या हातात होतं."

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. "बंद करा ते! तीन महिन्यांचं मशीन तुमचं, अजून कच्चं आहे."

 

"कच्चं कसं, सर?" सिस्टर पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली. "जे बोलायचा धीर मला अकरा वर्षांत झाला नाही, ते त्यानं तीन महिन्यांत बोलून दाखवलं."