तेराचा पाढा

गोदाक्कांनी तिन्हीसांजेचा श्लोक-पाढ्यांचा परवचा कधी चुकविला नाही. त्यांच्या कन्या कुमुदिनीबाईंनी तो घरात कुणाला चुकू दिला नाही. कुमुदिनीबाईंची कन्या हेमांगी हिने तो रडत रडत पाठ केला. आणि हेमांगीची नऊ वर्षांची रेवती होळीच्या दिवशीही तेराच्या पाढ्यात अडकली.

"पाढा पुरा झाल्यावाचून पुरणपोळी नाही," कुमुदिनीबाईंनी बजावले. "लक्ष नाही कार्टीचं!"

"आई, मग तिचं लक्ष आज तूच वापरून बघ." हेमांगीने रेवतीचे लक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनी दिलेली पट्टी पुढे केली. जोडीतली एक रेवतीच्या कपाळावर होतीच. दुसरी बांधणाऱ्याला पाच मिनिटे अगदी रेवतीसारखे दिसे, ऐकू येई.

कुमुदिनीबाईंनी पट्टी बांधली व ताठ बसून आरंभ केला. "तेरा चोक बावन्न" येताच पंख्याची कुरकुर, भिंतीवरची मुंगी, तुपाचा वास, सारे एकदम अंगावर आले. पुढचा आकडा सापडेना. त्यांचे डोळे भरले.

"घाबरू नकोस आजी. मी अडकले की ठेका धरते." रेवतीने त्यांचा हात आपल्या गुडघ्यावर आपटला. "हं, तेरा पाचे..."

"पासष्ट!"

दोघींनी पाढा मिळून पुरा केला.

कुमुदिनीबाईंनी स्वतः पाने मांडली. रेवतीला वाढून त्या हेमांगीपाशी थांबल्या. याच पाढ्यापायी त्यांनी तिला एका होळीला उपाशी उठविले होते.

"ही तुझी, त्या होळीची," तुपाची धार सोडीत त्या म्हणाल्या. "चुकले मी."

"तेव्हा मी दोन मागितल्या होत्या, आई."

कुमुदिनीबाईंनी दुसरी वाढली.