तळपायाला कळतं

किल्ली फिरली. दिवे लागले, हॉर्न वाजला, पण इंजिनानं हूं की चूं केलं नाही.

अंबडच्या स्टँडजवळ रखमाजी पत्रावळ्यांचा गठ्ठा घ्यायला थांबले आणि पिकअप तिथंच अडून बसली. मागं लग्नाची पातेली, पराती, मोठाले झारे, आणि त्यांच्या मधोमध अंग चोरून बसलेल्या नंदाबाई आणि तिच्या पोळ्या लाटणाऱ्या बाया. तिकडं जांब समर्थला मांडवामागं चुली पेटल्या होत्या आणि वर ठेवायला भांडं नव्हतं. नवरीच्या मामाचा फोन सारखा वाजत होता. पुढं बसलेल्या रखमाजींच्या कारभारीण उषाबाई दर वेळी "निघालोच" म्हणत, आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा बारीक होई.

समोरच्या गॅरेजातून पप्पू मिस्त्री हात पुसत आला. महिनाभरापासून या गाडीनं त्याला छळलं होतं. बॅटरी नवी घातली, स्टार्टर खोलून पुन्हा बसवला, तरी कधी चालू व्हायची, कधी नाही. पप्पू सीटवर बसला आणि पहिल्याच सेलला इंजिन घरघरलं. बंद केलं, पुन्हा चालू झालं. तो उतरला, रखमाजी चढले, आणि गाडी मुकी.

नंदाबाई मागून म्हणाली, "दादा, गाडी तरी बदला, न्हाई तर ड्रायवर तरी."

बाया हसल्या. रखमाजी हसले नाहीत.

"चाळीस वरसं चालवून राह्यलो," ते पप्पूला म्हणाले. "गाडीचं दुखणं माझ्या तळपायाला आधी कळतं. वायर सैल हाय कुठंतरी. बिलकुल सैल हाय."

ते खोटं नव्हतं. जिच्यावर पोट चालतं तिच्यात चप्पल घालून बसायचं नाही, हा रखमाजींचा पहिल्यापासूनचा नेम. चप्पल सीटमागं ठेवून ते अनवाणीच चालवत. जुन्या मॅटाडोरच्या दिवसांत पायाखालचा पत्रा जरा वेगळा थरथरला की ते म्हणत, मागच्या चाकात हवा कमी झाली. उतरून बघावं तर तसंच असे. शेजारी बसलेल्या नव्या नवरीला, म्हणजे उषाबाईंना, तेव्हा पदराआड हसू आवरत नसे.

पप्पूनं डोकं खाजवलं. म्हणाला, आता एकच जागा बघायची राहिली. या गाडीचा क्लच पार तळाला गेल्याशिवाय सेल लागतच नाही, तिथं एक बटन असतं, तेच खराब असणार. बटन दाबलं गेलं की लागणारा तपासायचा छोटा दिवा घेऊन तो स्टिअरिंगखाली डोकं घालून आडवा झाला. उषाबाई दार धरून उभ्या राहिल्या.

"दाबा मामा."

रखमाजींनी क्लच दाबला. दिवा लागला नाही.

"पुरा दाबा."

"पुराच हाय की."

उषाबाईंनी खाली पाहिलं. पॅडल तळापासून चांगलं चार बोटं वर होतं. मग त्यांनी रखमाजींच्या तोंडाकडं पाहिलं. कपाळावरची शीर ताठ झाली होती. माणूस मनापासून सांगत होता.

पुन्हा त्यांची नजर खाली गेली. तळवा जरा तिरपा झाला होता आणि टाचेशी बाभळीचा काटा रुतलेला दिसत होता. भोवतालचं कातडं काळं पडून वाळलं होतं. काटा आजचा नव्हता. आणि घरात कोणी त्यांना लंगडताना पाहिलं नव्हतं.

पप्पूनं खालून मान वर केली. त्यालाही दिसलं होतं.

उषाबाईंना एकेक आठवू लागलं. अलीकडं करकरणारा गिअर. परवा अंगणात थांबता थांबता गाडी गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकली ते. ब्रेक सैल झालाय, असं त्या दिवशी रखमाजी म्हणाले होते. मागं पराती वाजल्या. बाया कशावर तरी पुन्हा हसत होत्या.

"सापडलं का?" रखमाजींनी विचारलं.

पप्पूनं तोंड उघडलं. त्याच्या आधी उषाबाई बोलल्या, "सापडलं. बटनच हाय. आज पप्पू चालवंल, त्याला त्याची खुबी ठावी हाय. तुम्ही पलीकडून बसा."

"मी असताना दुसरा चालवंल?"

मागचं हसणं थांबलं. उषाबाईंनी हात आत घातला आणि किल्ली काढून घेतली. आजवर त्यांनी ती किल्ली फक्त दसऱ्याला, पूजेपुरती हातात घेतली होती. उद्या पुन्हा तुम्हीच चालवा, एवढं म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

रखमाजी त्यांच्या मुठीकडं पाहत राहिले. मग उतरले. चप्पल सीटमागंच राहिली. चैताच्या उन्हानं रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं. त्यावरून ते गाडीला वळसा घालून आले, सावकाश, ओसरीवरून चालावं तसे.

गाडी पप्पूच्या हाती निघाली. मधे उषाबाई, खिडकीशी रखमाजी. अंबड मागं पडल्यावर उषाबाईंनी त्यांचा डावा पाय ओढून मांडीवर घेतला.

"काय गं?"

"काही न्हाई. धूळ झटकते."

त्यांनी काटा नखांत धरला आणि ओढला. बोटाच्या पेराएवढा निघाला. मागोमाग रक्ताचा थेंब आला. रखमाजींनी पाय हलवला नाही, मानही वळवली नाही. त्यांची नजर रस्त्यावर होती आणि समोर नसलेल्या स्टिअरिंगवर त्यांचे हात हलत होते.

"पप्पू," ते म्हणाले, "पुढं पुलाचा उतार हाय. ब्रेकवर पाय राहू दे."