छाटणी

आठवडाभर बाबा सुट्टी घेतलीय म्हणत घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होते, म्हणून लेकीने त्यांना अक्षरशः ओढत बागेतल्या हिवाळी वर्गाला आणलं. सगळ्यांचे गुलाब छाटून झाले, आणि हे आपले कात्री धरून ढिम्म!

"बाबा, कापा ना! सगळे बघतायत!"

"अगं, चांगली हिरवीगार फांदी आहे. तिने काय वाकडं केलंय कुणाचं?"

शिकवणाऱ्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "काका, तिची काहीच चूक नाही हो! पण बाकीचं झाड जोमाने वाढायला हवं ना?"

बाबांनी कात्री खाली ठेवली. लेकीकडे न बघता म्हणाले, "मला काढताना साहेबही अगदी हेच म्हणाले गं."