मुठी टाकणारा गडी

“अकरा वर्षांत चार गोल?” येसाजीकाकांनी बांधावरूनच आवाज टाकला. “अरं, माझा रेडा सोडला मैदानात तरी चुकून पाच करंल!”

हरेश हसला. न हसून सांगतो कुणाला? गोव्याच्या फुटबॉल क्लबात तो मिडफिल्डर होता, म्हणजे मैदानाच्या मधोमध राहून पुढच्यांना बॉल पुरवणारा. पण गावी, कडावात, हे समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. इथं गोल म्हणजे गोल, बाकी सगळी उगाच धावपळ.

येसाजीकाकांचं एक सोडा, ते शेजारी, आणि अख्ख्या गावाची टिंगल करणं हा त्यांचा धर्म. पण हरेशची आई, धोंडूबाई, हसतसुद्धा नव्हती. तेच त्याला लागायचं.

टीव्हीवर तिने लेकाचे सामने पाहिले होते. दरवेळी तेच. गोल दुसराच कुणी करायचा, टीव्हीवाले त्याचंच तोंड दहा वेळा दाखवायचे, आणि आपलं पोरगं मागून धावत येऊन त्याच्या गळ्यात पडायचं. लग्न दुसऱ्याचं नि वरातीत नाचतंय हे! बाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. फुकटचा घास तिच्या घशाखाली कधी उतरला नव्हता. क्लबवाले आपल्या मुलाला दयेपोटी पोसतायत, अशी तिची पक्की समजूत होती. लाजेने ती चारचौघांत त्याच्या पगाराचा विषयही काढत नसे.

आता क्लबने आणखी दोन वर्षांचा करार पुढे केला होता. हो की नाही ते विचारायला आज दुपारी मॅनेजरचा फोन येणार होता. इकडे खालापूरच्या एका कारखान्यात येसाजीकाकांनी सुपरवायझरची जागा बघून ठेवलेली. हरेश बत्तीसचा. बाप गेल्यापासून आई एकटी. तिच्या मनाविरुद्ध जायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं. पण खेळ सोडायला त्याचं मन तयार होत नव्हतं.

“आई, तूच सांग. म्हणू का हो?”

“आमी गरीब असू, पण फुकटे नाय,” धोंडूबाई म्हणाली. “सोमवारपासनं खालापूरला जा. आन आता तोंड पाडून उभा राहू नको. सखा आला नाय, मुठी टाक.”

सखा म्हणजे तिचा नेहमीचा गडी, आणि पठ्ठ्या ऐन लावणीत सासुरवाडीला जाऊन बसला होता. चिखलात नऊ बाया ओळीने वाकलेल्या. भाताची रोपं लावत लावत त्या मागे मागे सरकत होत्या. रोपांच्या जुड्या, म्हणजे मुठी, बांधावर ढिगाने पडलेल्या. त्या ज्या त्या बाईला वेळेवर पोचवायच्या. दिसायला पोरखेळ. पण मूठ फार जवळ आदळली तर चिखल बाईच्या तोंडावर. लांब पडली तर तिला कंबर सरळ करून उठावं लागतं, आणि पुन्हा वाकताना ती टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

“मूठ टाक रं!” संजना ओरडली. हरेशने टाकली. मग दुसरी, मग तिसरी, आणि मग त्याचं त्यालाच भान राहिलं नाही. संजनाचा हात झपाझप चालतो, तिला लवकर. जागृती डावरी, तिला डाव्या अंगाला. कोपऱ्यातली म्हातारी सावकाश, तिला थोडं थांबून. बाई आत्ता आहे तिथं नाही, तर चार पावलं मागे सरकून ती जिथं पोचणार तिथं.

“मूठ टाक”च्या हाका आधी कमी झाल्या, मग बंदच पडल्या. हात मागे न्यावा तर मूठ हजर! एरवी ओरडून ओरडून घसा बसायचा, त्या बाया आज चक्क गाणी म्हणायला लागल्या. एका खाचराच्या वेळात दोन खाचरं झाली. बांधावर येसाजीकाकांची विडी विझली तरी त्यांना कळलं नाही.

धोंडूबाई ओळीच्या टोकाला होती. चाळीस पावसाळे तिने लावणी केली होती, पण असा गडी तिने पाहिला नव्हता. ती कंबर सरळ करून उभी राहिली आणि लेकाकडे बघतच राहिली.

“हे कुठं शिकलास रं?”

“हेच तर करतो गं तिथं. अकरा वर्षं.”

“नि तो गोल करणारा?”

“तो पळत असतो. तो जाणार असतो तिथं मी बॉल टाकतो. त्याला मागं वळून बघावं लागत नाय.”

धोंडूबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “आन मी मेली तुला फुकटा म्हणत बसले,” ती म्हणाली. चिखलाच्या हाताने डोळे पुसायला गेली आणि सगळा चिखल गालाला लागला.

तेवढ्यात बांधावर ठेवलेला हरेशचा फोन वाजला. त्याचे हात कोपरापर्यंत भरलेले. येसाजीकाकांनी फोन उचलून स्पीकर लावला. मॅनेजर कोल्हापूरचा, बोलायला एकदम मोकळा.

“काय हरेशराव, काय ठरलं? पगार मात्र जुनाच हं. वय झालंय तुमचं.”

हरेशने तोंड उघडायच्या आत धोंडूबाई चिखल तुडवत बांधाला भिडली.

“सायेब, मी त्याची आय बोलते,” ती म्हणाली. “त्या गोलवाल्याला देता त्यापरीस जास्त देणार असाल तर पाठवते. नायतर हितं माझी तीन खाचरं बाकी हायत, असा गडी मी सोडायची नाय!”